आयफोन, अँड्रॉइड आणि पावसाळ्याचे चार महिने

प्रश्न : गोव्यात मांद्र्याला राहत्या घराला लागून आमच्या दोन खोल्या आहेत, त्या मी होमस्टे म्हणून देते. मिस्टर खाजगी नोकरीत, पगार हातात ३१,००० येतो. घरखर्च ३८,००० चा. माझा अँड्रॉइड फोन तीन वर्षांचा झाला, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. मुलगा फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकतो. तो म्हणतो, आता आयफोनच घे. रील चांगली होतात, विदेशी पाहुण्यांकडे तोच असतो आणि फसवणुकीची भीती नाही. आयफोन १७ ची किंमत ८२,९०० सांगितली आहे. मे महिन्यात पतसंस्थेतली एक लाखाची ठेव सुटते. त्यातून घेऊ, की दुकानदार म्हणतो तसा २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट हप्त्यांवर? की परत अँड्रॉइडच बरा?

उत्तर : ताई, या मे महिन्यात घेऊ नका. ठेवीच्या पैशांतून नको आणि हप्त्यांवरही नको. आयफोनमध्ये खोट आहे म्हणून मी हे सांगत नाही. अडचण फोनची नाही, महिन्याची आहे.

तुमच्याच पत्रातले आकडे मांडतो. जून ते सप्टेंबर खोल्या जवळजवळ रिकाम्या. या काळात पगारातून दरमहा ७,००० कमी पडतात, म्हणजे चार महिन्यांचे २८,०००. कौलं परतणं, गळती काढणं, रंग आणि खोल्यांची डागडुजी यांवर दरवर्षी ४०,००० जातात असं तुम्ही लिहिलं आहे, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, २५,०००. बेरीज ९३,०००. हातात येणार एक लाख. उरले सात हजार. ही ठेव म्हणजे तुमचं पुरुमेंत, पावसाळ्यासाठी करून ठेवलेली बेगमी आहे, फक्त सुकं खारं आणि तांदळाऐवजी ते रुपयांत भरलेलं आहे. त्यातून ८२,९०० काढले, की जुलैत कुणाकडे तरी हात पसरावा लागेल, नाहीतर क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ढकलावी लागेल. त्या बाकीवर वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज लागतं. म्हणजे फोन रोखीने घेतला असं वाटेल आणि प्रत्यक्षात तो कर्जावरच घेतलेला असेल, तेही सगळ्यात महागड्या.

आता मूळ प्रश्न, कुठली बाजू स्वस्त. दुकानात आयफोनचे ८२,९०० आणि चांगल्या अँड्रॉइडचे ३२,००० असे दोन आकडे शेजारी ठेवले की फरक पन्नास हजारांचा दिसतो. हा हिशेब अर्धवट आहे. फोनची किंमत वर्षावर काढायची असते.

आयफोन पाच वर्षं वापराल असं धरू. ८२,९०० मध्ये कव्हर, काच आणि चार्जर यांचे चार हजार मिळवा. डब्यात फक्त केबल येते, चार्जर २०२० पासून येत नाही. आयक्लाउडवर, म्हणजे आयफोनच्या ऑनलाइन साठवणीत, फुकट जागा ५ जीबी, तुमच्या फोटो-व्हिडिओंना ती महिनाभरही पुरणार नाही. २०० जीबीला महिना २१९ रुपये, पाच वर्षांचे १३,१४०. पाच वर्षांनी जुना फोन २०,००० ला जाईल असा माझा अंदाज धरा. आयफोनला जुन्या बाजारात भाव राहतो, हे खरं आहे. एकूण पडले ८०,०४०, म्हणजे वर्षाला सुमारे १६,०००.

३२,००० चा अँड्रॉइड चार वर्षं. कव्हर-काचेचे हजार. गुगलची १५ जीबी फुकट आहे, तरी १०० जीबी घ्यालच, वर्षाला १,३०० प्रमाणे ५,२००. चार वर्षांनी ४,००० आले तर नशीब. एकूण ३४,२००, म्हणजे वर्षाला ८,५५०.

फरक वर्षाला साधारण साडेसात हजारांचा. पन्नास हजारांइतका घाबरवणारा नाही, पण कुठूनतरी यावा लागेल. तुमची खोली २,५०० ला जाते. बुकिंग साइटचं कमिशन, धुलाई, नाश्ता आणि वीज वजा जाता एका रात्रीमागे १,५०० उरतात असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा प्रश्न एवढाच : आयफोनमुळे वर्षाला पाच रात्री जास्त भरतील का?

माझ्या मते नुसत्या फोनमुळे भरणार नाहीत. व्हिडिओत आयफोन सरस आहे, हे मी मान्य करतो. हात हलला तरी चित्र धड येतं, आणि समाजमाध्यमांवर चढवल्यावर फारसं बिघडत नाही. पण मांद्र्यात खोली शोधणारा माणूस आधी बघतो ते भाडं, समुद्र किती लांब, न्हाणीघर कसं, आधीच्या पाहुण्यांनी काय लिहिलंय. रील बघून तो तुमच्यापर्यंत येईल, पण बुकिंग करेल ते तुमचं उत्तर पटकन आलं तर. आणि इथेच तुमचं खरं नुकसान होतंय : फोन दुपारी मरतो. दीडला चौकशी आली आणि संध्याकाळी चार्जिंगला लावल्यावर ती दिसली, तोवर पाहुणा शेजारच्या मोरजीला गेलेला असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नवी बॅटरी बसवायला तुमच्या वर्गातल्या फोनला दोनेक हजार पडतील. पाच रात्रींमधल्या दोन रात्री कदाचित तिथूनच परत येतील. खोल्यांचे फोटो हवेत, तर हंगामाआधी एखाद्या फोटोग्राफरला अर्धा दिवस बोलवा. ते फोटो दोन-तीन वर्षं चालतात.

मुलाची बाकी दोन कारणं. विदेशी पाहुण्यांकडे आयफोन असतो, म्हणून तुमच्याकडेही हवा, हे मला पटत नाही. ते तुमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा बुकिंग साइटवरच बोलतात. विदेशी पाहुणा आल्यावर २४ तासांत सरकारला माहिती कळवायचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) वेबसाइटवर भरायचा असतो, त्याला कुठलाही फोन चालतो. आयफोनवरून आयफोनला पाठवलेले संदेश निळे आणि अँड्रॉइडला पाठवलेले हिरवे दिसतात, पण हा अमेरिकेतल्या पोरांचा मानापमान आहे, मांद्र्यात त्याने खोली भरत नाही.

फसवणुकीचं म्हणणं मात्र झटकून टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अॅप बसवणारी, फाइल येते, ती दाबली की अ‍ॅप फोनमध्ये बसतं, एसएमएस वाचतं आणि खातं साफ होतं. ही फाइल अँड्रॉइडवर चालते, आयफोनवर बसतच नाही. हा आयफोनचा खरा फायदा आहे. पण अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणची अ‍ॅप बसवायची परवानगी बंद ठेवली आणि आलेली फाइल उघडली नाही, तर हाच बंदोबस्त फुकटात होतो. आणि फोनवर पोलीस असल्याचं सांगून घाबरवणाऱ्याला, ओटीपी मागणाऱ्याला कुठलाच फोन अडवत नाही. तसं काही घडलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तिथे मिनिटांना किंमत असते.

किती वर्षं टिकेल, या बाबतीत आयफोन पूर्वी खूप पुढे होता. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चं आयओएस २६, म्हणजे आयफोनची मूळ प्रणाली, मिळालं. २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरला मात्र ते मिळालं नाही. आता अँड्रॉइडवाल्यांनीही अंतर भरून काढलंय. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलंय. तुमच्या बजेटजवळच्या ए३६ आणि ए५६ ला सहा वर्षांचं आहे. म्हणजे मी वर चार वर्षं धरली, ती हात आखडून. दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी सिक्युरिटी अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार, ते विचारा. स्वस्त फोनांत इथेच गोम असते.

बाजू बदलण्याचा त्रास वेगळा, आणि तो किमतीच्या चिठ्ठीवर छापलेला नसतो. तुमच्याकडे दोन सिम आहेत, एक घरचं आणि एक होमस्टेचं. भारतात मिळणाऱ्या आयफोन १७ मध्ये प्रत्यक्ष सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदलेलं, करून घ्यावं लागेल. गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. ‘मूव्ह टू आयओएस’ या अ‍ॅपने दोन्ही फोन शेजारी ठेवून गप्पा हलवाव्या लागतात, तेही नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच. ते विसरलं तर फोन पुसून पहिल्यापासून सुरुवात. प्ले स्टोअरवर विकत घेतलेली अ‍ॅप तिकडे जात नाहीत. यूपीआयचं तर आधी लक्षात ठेवा : नवीन फोनवर नोंदणी केली की काही मोठ्या बँका सुरुवातीला पाठवायच्या रकमेवर ५,००० ची मर्यादा घालतात, अँड्रॉइडवर २४ तास आणि आयफोनवर ७२ तास. पैसे येण्यात अडथळा नाही, भिंतीवरचा क्यूआर कोडही तोच चालतो. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन बदललात आणि गॅसवाला, भाजीवाला, प्लंबर सगळे एकदम दारात उभे राहिले, तर तीन दिवस मिस्टरांच्या फोनवर अवलंबून राहावं लागेल.

समुद्राजवळच्या घराला आणखी एक गोष्ट. फोनवर आयपी६८ हा पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असला तरी तो खाऱ्या पाण्यासाठी नाही, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. हे दोन्हीकडे सारखंच. फरक बिलात पडतो. नव्या आयफोनचा पडदा वॉरंटीबाहेर बदलायचा तर आकडा पाच अंकी होतो.

नो-कॉस्ट हप्ते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना लगाम घातला. तेव्हापासून पद्धत अशी की बँक व्याज लावतेच, आणि तेवढीच सूट आधी किमतीतून वजा दाखवतात. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी येतो. वर्षाला १५ टक्के दर धरला तर २४ महिन्यांत व्याज सुमारे ११,६६० आणि त्यावरचा जीएसटी सुमारे २,१००. प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोखीवर मिळाली असती ती सूट गेली. पैशांची ही गळती मी एकवेळ सोडून देईन. मला खटकतं ते दुसरंच : ३,४५४ चा हप्ता २४ महिने, म्हणजे मध्ये दोन पावसाळे, आठ हप्ते. खोल्या रिकाम्या असताना २७,६३२ रुपये भरायचे. हंगामी धंद्याला बारमाही हप्ता कधी लावू नये, असं माझं पक्कं मत आहे, मग तो फोनचा असो की एसीचा.

दुकानदार ‘धंद्याच्या नावावर घ्या, कर वाचेल’ म्हणाला असेलच. ८२,९०० मध्ये १२,६४६ जीएसटी आहे खरा, पण तुमची उलाढाल २० लाखांच्या पुष्कळ आत आहे आणि तुमची जीएसटी नोंदणी नाही. तो परत मिळत नाही. आयकरात तुम्ही अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी, नफा दाखवता, तिथे फोनचा घसारा वेगळा वजा होत नाही. तेव्हा हा मुद्दा सोडून द्या.

मग करायचं काय? आधी सेटिंगमध्ये जाऊन शेवटचं सिक्युरिटी अपडेट कधीचं आहे ते बघा. अलीकडचं असेल तर बॅटरी बदला आणि हा पावसाळा याच फोनवर काढा. सहा महिन्यांहून जुनं असेल आणि कंपनीने अपडेट थांबवलं असेल, तर तोवर बँकेची कामं मिस्टरांच्या फोनवर करा.

नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत दरमहा ६,००० ची आवर्ती ठेव सुरू करा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात ३६,००० आणि वर थोडं व्याज हाती असेल. त्यात चांगला अँड्रॉइड आरामात बसतो. आयफोनच हवा असेल तर त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत थांबा. गेली काही वर्षं नवा आयफोन आला की आधीच्या मॉडेलची किंमत उतरते. १५ आणि १६ दोन्ही तसेच ६९,९०० वर आले होते. वरचे पैसे मुलाने सुट्टीत कमावून घातले तर माझी काहीच हरकत नाही. त्याचा हट्ट आहे, त्याचा वाटाही असू दे.

मे महिन्यात सुटणारी ठेव त्याच पतसंस्थेत पुन्हा ठेवण्याआधी एक लक्षात घ्या : बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकांतल्यासुद्धा, पण पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. अर्धा टक्का कमी मिळाला तरी हे पैसे बँकेत न्या. चार तुकडे करा, सुटण्याची तारीख अनुक्रमे जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरची ठेवा. कौलांचं काम पाऊस सुरू होण्याआधी उरकायचं असतं, त्यामुळे जूनचा तुकडा सगळ्यात मोठा आणि महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात सुटणारा ठेवा. चवथ ज्या महिन्यात पडेल तो त्याच्या खालोखाल.