ताप जिवाणूंचा की विषाणूंचा, हे घरी कसे ओळखावे?

घरी ओळखता येत नाही. पिवळा शेंबूड म्हणजे जिवाणू, थंडी वाजली म्हणजे मलेरिया, हे आपले आडाखे बहुतेक वेळा फसतात. तरीही तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसले, कारण 2018 च्या पावसाळ्यात, नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफस या जिवाणूजन्य तापाचे रुग्ण सापडत होते त्याच दिवसांत, आम्ही आईच्या तापाला सहा दिवस चुकीचे नाव देत बसलो होतो.

काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत निंदण करून आल्यावर दहा-बारा दिवसांनी तिला सणकून ताप भरला. नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात विडाल चाचणी पॉझिटिव्ह आली, टायफॉइड ठरला आणि सेफ्ट्रायॅक्सोन या प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू झाली. विडाल ही 1896 मधली चाचणी. ती जिवाणू शोधत नाही, रक्तातली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजते, आणि ती जुन्या संसर्गाची किंवा लशीचीही असू शकतात. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणे मला आजही अक्षम्य वाटते. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवायला हवे होते.

सहाव्या रात्री ओल्या फडक्याने तिचे अंग पुसताना परकराच्या नाडीखाली मला एक काळी खपली दिसली. वाटाण्याएवढी, कडेने लालसर, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नव्हती म्हणून आई बोलली नव्हती, आणि नाडी सैल करून पाहण्याची तसदी कोणीही घेतली नव्हती. दादा म्हणाला, "नाडी काचली असेल." सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी खपली पाहताच स्क्रब टायफसचे नाव घेतले, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले, आणि पुढे ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे शोधणाऱ्या आयजीएम चाचणीनेही तेच सांगितले. गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर माइट या गोचिडीच्या जातकुळीतल्या जिवाच्या अळ्या चावल्याने ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो आणि पेशींच्या आत वाढतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत त्रास पोहोचतो.

म्हणून ताप आला की शेतात, गवतात कधी गेला होतात ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा, आणि काख, जांघ, कंबर, स्तनांखालची त्वचा घरच्या माणसाकडून नीट पाहून घ्या. मी डॉक्टर नाही. खपली प्रत्येक रुग्णाला येतेच असे नाही, डेंगी आणि मलेरियाही याच महिन्यांत असतात, आणि डॉक्सिसायक्लिन मनाने घेऊ नये. गरोदर स्त्रियांना तर सहसा अझिथ्रोमायसिन देतात.

दादा अजूनही म्हणतो की आधीच्या इंजेक्शनांनीच गुण येत होता. पेशीत दडलेल्या या जिवाणूवर सेफ्ट्रायॅक्सोन चालत नाही, हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे. तापाच्या नोंदींचा कागद मी जपून ठेवला आहे: सहा दिवस रोज संध्याकाळी 103 च्या वर, आणि डॉक्सिसायक्लिनच्या दुसऱ्या संध्याकाळी 99.