फायनलवर चाकाचा बझर वाजला, तर चाक बाहेर काढायचं की तसंच उतरायचं?

जळगावहून प्रश्न आलाय: चाक आत घेता येणाऱ्या ग्लायडरमध्ये (बिनइंजिनाच्या विमानात) फायनलला, म्हणजे पट्टीकडे सरळ उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, एअरब्रेक (ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) उघडले आणि चाक अजून आतच असल्याचा बझर ओरडायला लागला, तर काय करावं?

भाऊ, 100 मीटरच्या खाली असाल तर चाकाचा नाद सोडा आणि सरळ उतरा. पोट घासलं तर जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) जाईल, चाकाची झाकणं मोडतील. हे सगळं दुरुस्त होतं. चाकाच्या नादात ग्लायडर आपटलं तर मणका जातो.

हिशेब करून बघा. अर्ध्या ब्रेकवर सेकंदाला 3-4 मीटर खाली येत असाल, तर 50 मीटरवरून जमीन 12 ते 16 सेकंदांवर आहे. चाकाचा दांडा बऱ्याच ग्लायडरांत उजवीकडे असतो. म्हणजे निळा ब्रेकचा दांडा सोडा, स्टिक (ग्लायडर वळवायचा दांडा) डाव्या हातात घ्या, मग उजव्याने चाक. सोडलेले ब्रेक हवेच्या ओढीने पूर्ण उघडू शकतात आणि सवय नसलेल्या हातात नाक खाली-वर व्हायला लागतं. त्यात आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी वावटळी असतात. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर 43 अंशांत वेगाच्या काट्यावरचे 55 नॉट प्रत्यक्षात 58 च्या आसपास असतात, त्यामुळे जमीनही जोरात येते.

150 मीटरच्या वर आहात? मग ब्रेक बंद करून लॉक करा, वेग स्थिर करा, हात बदला, चाक काढा, दांडा खाचेत बसला का पाहा, हात परत बदला आणि मगच ब्रेक उघडा. ब्रेक बंद असताना ग्लायडर लांब तरंगत जातं, म्हणून मधल्या उंचीवर समोर पट्टी किती उरलीय ते बघून ठरवा. अर्धवट निघालेलं चाक सगळ्यात वाईट: टेकताच दुमडतं आणि यंत्रणा वाकवतं.

दांडा आधीच 'खाली'च्या खाचेत असेल तर बझरचा मायक्रोस्विच (दांड्याची जागा ओळखणारं छोटं बटण) सरकलाय, बझर ओरडू द्या. घाबरून दांडा ओढला की खाली असलेलं चाक वर जातं! दांड्याजवळचं चिन्ह वाचा, मग हात लावा.

पोटावर टेकताना ग्लायडर नेहमीपेक्षा थोडं खाली येऊन टेकेल, तेवढं जास्त धरून ठेवा. पंख सपाट ठेवा, शेवटच्या मीटरला ब्रेक झटक्याने उघडू नका. चाकाचा ब्रेक अर्थातच नाही. पऱ्हाट्या उभ्या असलेल्या वावरात उतरायचं असलं तरी मी चाक खालीच ठेवायला सांगेन, धक्का चाक खातं.

मुळात बझर उशिरा वाजतो, कारण तो ब्रेकच्या दांड्याला जोडलेला असतो. डाउनविंडला (उतरण्याआधी पट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना), 200-250 मीटरवर, ब्रेक क्षणभर उघडून बघायची सवय लावा. तोच बझर मग वेळेत वाजेल. बझर चालतो का हे चाक आत असताना 600 मीटरवर ब्रेक अनलॉक करून तपासता येतं. आणि खालच्या मंडळींना सांगून ठेवा, ग्लायडर जमिनीजवळ आल्यावर रेडिओवर 'चाक, चाक' ओरडू नका.