जिन्याखाली जागा आहे, पण ढाळ नाही

प्रश्न : वाई येथील आमचे दुमजली घर जुने, दगडमातीच्या भिंतींचे आहे. घरातील एकमेव शौचालय वरच्या मजल्यावर असून त्याचा पाईप मागील भिंतीवरून खाली उतरतो आणि परसातील चेंबरमार्गे सेप्टिक टाकीला जातो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे आता जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर लहानसे शौचालय करावयाचे आहे. जिन्याखालची जागा मोकळी आहे, परंतु तिची मागची भिंत देवघराची असल्याने घरात त्यावर मतभेद आहेत. तेथून चेंबर सुमारे 26 फुटांवर आहे आणि चेंबरमधील पाईपचा तळ घराच्या फरशीपासून जेमतेम फूटभर खाली आहे. दुसरा पर्याय म्हणजे मागच्या पडवीचा कोपरा, जो चेंबरपासून 6 फुटांवर आहे. सध्याच्या टाकीवर दुसऱ्या शौचालयाचा भार पडेल काय? (एक वाचक, वाई)

उत्तर : आपण अंतरे आणि खोली मोजून कळविल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. पडवीचा कोपराच निवडावा. देवघराच्या वादात मला पडावे लागत नाही, याचे समाधान आहे; तो प्रश्न ढाळानेच सुटला आहे. मैल्याचा चार इंची पाईप दहा फुटांना साधारण तीन इंच उतरत गेला पाहिजे, म्हणजे 26 फुटांत जवळजवळ आठ इंच हवेत, आणि जिन्याखाली आडवा पाईप मुळातच फरशीखाली सहा ते नऊ इंचांवरून सुरू होणार. ही बेरीज आपल्या फूटभर खोलीत बसत नाही. ढाळ कमी ठेवून वेळ मारून नेली, तर पाणी पुढे निघून जाते, मैला मागे साचतो आणि तुंबलेला पाईप मोकळा करण्यासाठी घरातली फरशी उखडावी लागते. शिवाय तो चर जुन्या भिंतीच्या पायालगत खणावा लागेल, जे दगडमातीच्या बांधकामात मी कोणालाही सुचविणार नाही. मैला दळून पुढे ढकलणारे विजेचे पंप मिळतात, परंतु घरातील वृद्ध व्यक्तीची रात्रीची सोय वीज असण्यावर अवलंबून ठेवणे मला पटत नाही.

पडवीत हीच गोष्ट सहज जमते. सहा फुटांना दोन इंचांहून कमी उतार पुरतो. ‘पी ट्रॅप’चा कमोड घेतल्यास त्याचे तोंड फरशीपासून सुमारे सात इंचांवर भिंतीतून बाहेर निघते, त्यामुळे आतली फरशी खोल खणावी लागत नाही. पाईप जेथे वळतो तेथे सफाईसाठी झाकण असावे आणि काम सुरू होण्यापूर्वी गवंड्याकडून लेव्हलच्या पारदर्शक नळीने उंची पुन्हा तपासून घ्यावी.

जुन्या भिंतींच्या बाबतीत मात्र हयगय करू नये. त्यांत खाचा पाडून नळ बुजविणे टाळावे, कारण जोडातून बारीक गळती सुरू झाली तरी दगडांमधल्या सांध्यांतील माती भिजून भिंत पोखरली जाते आणि ते बाहेरून पुष्कळ उशिरा दिसते. जुन्या भिंतीला लागून आतून चार इंची विटांची भिंत सिमेंटात उभारावी, नळ उघडेच ठेवावेत, फ्लशची टाकीही भिंतीबाहेरचीच घ्यावी. फरशीखालचे वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवावे.

आतून तीन फूट रुंद आणि चार फूट लांब जागा कमोडपुरती चालते. परंतु सासूबाईंना आधार देण्यासाठी दुसरे कोणी आत उभे राहणार असेल, तर पडवीतून आणखी फूटभर जागा घेण्यात संकोच करू नये. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्या व्यक्तीलाच अडते. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवावी. उंबरा ठेवू नये. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आतली फरशी अर्धा इंच खाली पुरते. कमोडची उंची दुकानात ठरवू नये. सासूबाई घरातल्या ज्या खुर्चीवरून विनासायास उठतात, तिची बैठक मोजावी आणि त्या उंचीच्या जवळचा कमोड घ्यावा. आधाराचा दांडा त्यांना बसवून, त्यांचा हात जेथे आपोआप जातो तेथे खूण करून, नव्या विटांच्या भिंतीतच घट्ट करावा.

टाकीची चिंता नसावी. घरातील माणसे तेवढीच राहणार असल्याने मैला वाढत नाही, तो फक्त दुसऱ्या वाटेने येतो. तथापि टाकी बरीच वर्षे उपसलेली नसेल, तर हे काम आधी उरकून घ्यावे. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या वाटीत) अधूनमधून पाणी ओतावे, अन्यथा ते आटून टाकीचा वास आत येतो.

सगळे काम सध्याच्या छपराखालीच होणार असले, तरी बाहेरच्या भिंतीला भोक पडणार असल्याने नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे एकदा विचारणा करावी. चर बुजविण्यापूर्वी कमोडच्या जोडापासून चार-पाच बादल्या पाणी एकदम सोडून, चेंबरचे झाकण उघडे ठेवून, ते किती वेगाने आणि पूर्णपणे उतरते ते स्वतः पाहावे आणि त्यानंतरच प्लंबरचे उरलेले पैसे द्यावेत.