सिबिलला आखाजी कळत नाही

गेल्या दोन महिन्यांतली पत्रं एकत्र वाचली. निम्म्या पत्रांत सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा अहवाल आणि त्यातला आकडा. कुणी त्याला 'शिबिल' म्हणतं, कुणी 'सिव्हिल'. एका पत्रात तर 'सिव्हिल खराब झाली' वाचून मला आधी सरकारी दवाखाना आठवला. त्यातली चार पत्रं घेतो. उत्तराची वाट पाहणाऱ्या फैजपूरच्या ताईंचं पत्र पहिलं, कारण त्यात बहुतेकांचं दुखणं आलं आहे.

प्रश्न : आप्पा, माझा केळी वेफर्सचा छोटा कारखाना आहे. २०२१ साली मुद्रातून ४ लाख घेतले, हप्ता ८,७०० रुपये, तारीख ५. भुसावळ, जळगाव, बऱ्हाणपूरचे दुकानदार माझे पैसे १२ ते १८ तारखेच्या दरम्यान देतात, म्हणून हप्ता आठ-दहा दिवस मागेपुढे होतो, पण चुकवला एकही नाही. आता मोठी कढई आणि पॅकिंग मशीनसाठी ९ लाख मागितले तर साहेब म्हणाले, स्कोअर ६४१ आहे, बसत नाही. मग आणखी तीन ठिकाणी अर्ज केले, तिथेही नकार. अहवालात दिराच्या मोबाइलचं एक जुनं कर्ज 'सेटल्ड' दिसतंय, पण त्याचा वेफर्सशी काय संबंध? मी कुणाचा रुपया बुडवला नाही. (नाव छापू नये. फैजपूर)

उत्तर : ताई, रुपया बुडवला नाही हे मला पटतं. पण हा आकडा तुम्ही पैसे दिले का एवढंच विचारत नाही, कधी दिले ते विचारतो. आपल्या बाजारात पत माणसाची असते. शेतकरी म्हणतो 'आखाजीले देसू', म्हणजे अक्षय्य तृतीयेला देऊ, दुकानदार वहीत लिहितो, आणि आखाजीला पैसे आले की तो माणूस चोख ठरतो. उशीर झाला असं कुणी म्हणत नाही, कारण बोली तशीच होती. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, दोंडाईचा, चोपडा, नंदुरबार, यावल असा सगळा खान्देश फिरलो, आणि हीच गाठ मला सगळीकडे दिसली. माणूस चोख आणि कागद मळका.

तुमच्या अहवालात प्रत्येक कर्जाखाली चौकटींची एक रांग असते, मागच्या ३६ महिन्यांची. वेळेवर हप्ता गेला तर चौकटीत ०००, दहा दिवस उशीर दिसला तर ०१०. पूर्वी बँका ही माहिती महिन्यातून एकदा पाठवत. त्यामुळे ५ तारखेचा हप्ता १७ ला भरला तरी महिनाअखेरीला खातं स्वच्छ दिसायचं. १ जानेवारी २०२५ पासून माहिती महिन्यातून दोनदा जाऊ लागली, १५ तारखेची स्थिती आणि महिनाअखेरची. तुमचा हप्ता नेमका १५ तारखेला थकलेला असतो. सवय तुमची तीच, पण आता तिचा फोटो निघतो.

यावर औषध साधं आहे, म्हणून कुणी सांगत नाही. शाखेत लेखी अर्ज द्या की हप्त्याची तारीख ५ ऐवजी २० करावी. एका दमात होईल असं नाही, एक-दोन खेपा होतील. तोवर एक हप्ता कायम खात्यात पडून राहू द्या. ८,७०० रुपये नुसते पडलेले पाहून जीव तुटेल, पण ते मशीनच्या तेलासारखे समजा.

आता मोबाइलचा संबंध. तुमचा कारखाना तुमच्या एकटीच्या मालकीचा आहे, कंपनी नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि कारखाना एकच, पॅन एकच. म्हणून पॅनवर घेतलेला फोन, फ्रिज, दिराची गाडी, सगळं वेफर्सच्या ताटात येऊन पडतं. तुम्ही सोबत जोडलेल्या कागदावरून दिसतं की शेवटचे दोन हप्ते, मिळून ३,७०० रुपये, फोन बिघडला म्हणून दिराने अडवून धरले. मग वसुलीवाल्याने 'दोन हजार द्या, मिटवून टाकू' म्हटलं आणि तुम्ही दिले. तुम्हाला वाटलं मिटलं. त्याने १,७०० सोडले आणि नोंद 'क्लोज्ड' न होता 'सेटल्ड' झाली, म्हणजे घेणं पूर्ण मिळालं नाही, तडजोड केली. नऊ लाखांचं कर्ज अडवायला हा शब्द एकटा पुरतो. बाजारात घासाघीस करून शेवटी शंभर-दोनशे कमी देण्याची आपल्याला सवय आहे, तीच इथे नडते.

त्या कंपनीला पत्र देऊन उरलेले १,७०० भरा, 'देणे बाकी नाही' असा दाखला घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करून कळवायला लेखी सांगा. मागचे उशीर पुसले जाणार नाहीत, पण तो शब्द जाईल.

नकार मिळाल्यावर तीन ठिकाणी केलेले अर्ज, हे मात्र तुम्ही हाताने ओढवून घेतलंत. प्रत्येक अर्जाबरोबर ती बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्या मागणीचीही नोंद होते. महिन्यात चार नोंदी म्हटल्यावर पाचवा साहेब विचार करतो, ही बाई दारोदार का फिरतेय? स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर काही बिघडत नाही, तो हवा तेव्हा पाहा.

सहा महिने ते वर्षभर नवा अर्ज करू नका, रांगेत नुसती शून्यं येऊ द्या. आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. बँका साधारण ७०० च्या वर पाहतात, आणि ७५० दिसला की साहेब चहा विचारतात. किती महिन्यांत किती गुण वाढतील, हे मी सांगणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

दुकानदारांबद्दल एक. तुम्ही स्वतः माल बनवता आणि उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी आहे असं लिहिलंत. मग कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे तुमचे पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. कोर्टात गेलात तर गिऱ्हाईक जाईल, तो सल्ला मी देत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या वितरकाला एक फोन करा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे मुदतीबाहेर थकवलेले पैसे त्याला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. त्याचा सीए उरलेलं बोलेल.

प्रश्न : चाळीसगावला माझं ठिबक, पाइप आणि मोटारपंपाचं दुकान आहे. १५ लाखांची सीसी (मालाच्या तारणावर लागेल तशी उचल देणारी कॅश क्रेडिट मर्यादा) आहे. बँकेने काढलेल्या अहवालात माझ्या फर्मला १० पैकी ८ रँक आहे, तरी लिमिट वाढवत नाहीत. इतके चांगले गुण असून असं का?

उत्तर : भाऊ, पत्र वाचून मी हसलो, माफ करा. ही रँक शाळेतल्या गुणांसारखी नाही, वर्गातल्या नंबरासारखी आहे. १ म्हणजे सर्वांत उत्तम, १० म्हणजे सर्वांत जोखमीचा. तुमचा आठवा नंबर आहे. पेढे वाटले नसतील अशी आशा.

तो आठ का आला, ते तुमच्या खातेउताऱ्यात दिसतं. वर्षभर उचल १४.८० लाखांच्या आसपास, म्हणजे लिमिट पार टेकलेली. आणि स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि उधारीचा बँकेला द्यायचा तक्ता? मे नंतर दिलेलंच नाही. लिमिट १५ लाख आहे म्हणून १५ लाख उचलता येतात असं नाही, उचल माल आणि उधारीवर ठरते. समजा दुकानात माल १२ लाखांचा, ९० दिवसांच्या आतली उधारी ६ लाख, आणि तुम्हीच कंपनीला देणं ४ लाख. राहिले १४. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, गेलं की साडेदहा. तुम्ही १४.८० उचललेत, म्हणजे चार लाख तीस हजार जास्त. तुमच्या हिशेबाने लिमिटमध्ये, बँकेच्या हिशेबाने बाहेर. सलग ९० दिवस असंच राहिलं तर खातं थकीत कर्जात, ज्याला एनपीए म्हणतात. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर उचललेली रक्कमही अनियमितच धरतात. वही-पेन घेऊन अर्ध्या तासात होणारं काम, पण खान्देशातले निम्मे दुकानदार ते सीएच्या पोरावर सोपवतात आणि तो पोरगा लग्नसराईत गावाला गेलेला असतो.

खरी मेख पुढे आहे. तुमची उधारी शेतकऱ्यावर. मे-जूनमध्ये ठिबक नेलं की पैसे कपाशी विकल्यावर, दिवाळीनंतर. म्हणजे ९० दिवसांच्या पुढे. ती उधारी बँक हिशेबात धरतच नाही. उचलीची मर्यादा नेमकी तेव्हा खाली येते जेव्हा तुम्हाला पैशाची ओढ असते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी नुसती 'लिमिट वाढवा' अशी मागणी करू नका. हंगामाची वेगळी आणि बिगर हंगामाची वेगळी अशी दोन पातळ्यांची मर्यादा मागा. तीन वर्षांची महिनावार विक्री कागदावर मांडून न्या. कपाशीचं चक्र साहेबांना माहीत असतंच, त्यांना फक्त फाइलीत लावायला कागद हवा असतो.

आणि काउंटरवरचा तो क्यूआर कोड वहिनींच्या बचत खात्याला जोडलाय, हे तुम्हीच लिहून गेलात. तो आजच काढा. विक्री तिकडे आणि कर्ज इकडे, असं दिसलं की बँकेला धंदा आटल्यासारखा वाटतो.

प्रश्न : अमळनेरला मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. बारा वर्षं पतसंस्थेची कर्जं घेतली, सगळी फेडली. तरी बँकेत म्हणतात, तुमचा सिबिलच नाही. एक एजंट आठ हजारांत स्कोअर करून देतो म्हणतोय.

उत्तर : एजंटला आठ हजार देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच देऊ नका. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रारही फुकट. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हालाच मिळायची तरतूद आहे. तरी कुणी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८. एजंट यापेक्षा वेगळं काही करत नाही, फक्त आठ हजार घेऊन करतो.

तुमचं दुखणं वेगळं. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीतल्या, रिझर्व्ह बँकेच्या नाहीत, आणि त्यांच्या कर्जाची नोंद या कंपन्यांपर्यंत बहुधा जात नाही. तुमची बारा वर्षांची इमानदारी पतसंस्थेच्या कपाटात पडून आहे. वाईट वाटतं, पण कोरी पाटी मळक्या पाटीपेक्षा बरी. नागरी सहकारी बँकेची गोष्ट वेगळी, तिला नोंद पाठवावीच लागते. तिथून किंवा एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेतून लहान सोनेतारण कर्ज घ्या, नाहीतर ५० हजारांपर्यंतचं शिशु मुद्रा, आणि तारखेला फेडा. सहाएक महिन्यांत आकडा उमटू लागतो. पतसंस्थेचे फेडीचे दाखले आणि खातेउतारेही अर्जाला जोडा. स्कोअर वाढणार नाही, पण माणूस वाचणारा असेल तर वाचतो.

प्रश्न : साडूला ट्रॅक्टरसाठी जामीन राहू का? माझं स्वतःचं शिरपूरला गॅरेज आहे, पुढच्या वर्षी कर्ज काढायचंय.

उत्तर : या प्रश्नाला मी निःपक्ष नाही. बँकेत असताना शेकडो जामीनदारांना 'विचार करून सही करा' असं बजावलं, आणि स्वतः मेहुण्याच्या मालवाहू रिक्षाच्या कर्जावर लग्नाच्या पंगतीत बसून सही केली. हात धुवायच्या आधी. निवृत्तीनंतर मुलाच्या दुकानासाठी कर्ज काढायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावापुढे सात हप्ते थकलेले. तिने मला 'काका' म्हटलं आणि खुर्ची दिली, ते जास्त लागलं. रिक्षा दीड वर्ष पारोळ्याच्या एका गॅरेजात उभी होती आणि मेहुण्याने मला सांगितलं नव्हतं, का तर 'दाजी चिडतील'.

जामीनकी तुमच्या अहवालात जवळपास कर्जासारखीच दिसते, आणि तिकडचा उशीर इकडे उमटतो. तुमचं कर्ज पुढच्या वर्षी आहे, तर आधी ते मंजूर होऊ द्या. साडूला असंच सांगा, खोटं कारण देऊ नका. एवढं करूनही घरात रेटा आला आणि सही करावीच लागली, तर हप्त्याचा संदेश तुमच्याही मोबाइलवर येईल अशी सोय बँकेत करून घ्या. मी ते सात हप्ते भरले. आता दर महिन्याच्या तीन तारखेला सकाळी मेहुण्याला फोन करतो, 'गेला का?' एवढंच विचारतो. तो चिडतो, बायकोला तर फोन लावलेलाच आवडत नाही. पण गेल्या चौदा महिन्यांत चौदाही चौकटींत शून्य आहे.