गावचं घर होमस्टेला द्यायचंय. नोंदणी, टॅक्स वगैरे काय लागतं?

टॅक्सकडे येते, पण आधी तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला खुपली: "मी पुण्यात असतो, बुकिंगच्या साइटवर अकाउंट माझ्या नावानं उघडेन, घरी काकू आहे ती सगळं बघेल." हे करू नका.

आमचं घर मालवणजवळ. २०१८ पासून माडीवरच्या दोन आणि पडवीलगतची एक अशा तीन खोल्या पाहुण्यांना देतो. अकाउंट मोठ्या दिरांनी डोंबिवलीत बसून उघडलं. पॅन त्यांचा, बँकखातं त्यांचं. घावण्यांचं पीठ, काळ्या वाटाण्याची उसळ, पंप बंद पडला की इलेक्ट्रिशियनच्या मागे लागणं, हे माझं. नाताळच्या आठवड्यात एका दिवसात अठरा चादरी धुतल्यात मी. भाऊजी दर महिन्याला पैसे पाठवायचे, त्यात कधी खोट नव्हती. पण नोंदणीचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर: "आपल्याच घरात पावणे ठेवूक परवानगी कित्याक व्हयी?"

२०२३ च्या पावसात माडीचे वासे कुजले. कर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी तीन वर्षांची रिटर्न्स आणि धंद्याचा काहीतरी कागद मागितला. मी पिशवीतून पाहुण्यांची वही काढली. पाच वर्षांची नावं, गावं, फोन नंबर, कोणाला मासे चालत नाहीत, कोणाचं मूल रात्री रडतं, सगळं माझ्या अक्षरात. त्यांनी चार पानं उलटली आणि वही माझ्याकडे सरकवली. "ताई, यात तुमचं नाव कुठंय?"

नव्हतंच. साइटचा हिशोब दिरांच्या पॅनवर, आणि त्यांच्या रिटर्नमध्ये हे उत्पन्न दाखवलेलंच नव्हतं. पाच वर्षं राबून कागदावर मी कोणीच नव्हते.

त्याच वर्षी राज्य सरकारचं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण आलं. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. अट अशी की धंदा बाईच्या मालकीचा, तिनंच चालवलेला आणि पर्यटन संचालनालयात नोंदलेला हवा. मग मी हट्टाला पेटले. सातबारावर नऊ नावं, प्रत्येकाची संमती. गणपतीत सगळे जमले तेव्हा जेवणं उरकल्यावर ओटीवर स्टँपपेपर ठेवला. आठ सह्या लगेच झाल्या. भाऊजींनी चष्मा शोधण्यात अर्धा तास घालवला, मग सही केली आणि म्हणाले, "उगीच सरकार घरात आणलंस."

सरकार घरात कधीच आलेलं होतं. साइट पैसे देते तेव्हा ते पॅनवर नोंदलं जातं. वर्षाची बुकिंग ५ लाखांच्या वर गेली तर ०.१ टक्के टीडीएसही कापते. लपत काहीच नाही, फक्त ते भलत्याच माणसाच्या नावावर जमा होत राहतं.

आता तुमचा जीएसटी. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला जीएसटी नंबर लागत नाही. साइटवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी साइटच पाहुण्याकडून घेऊन भरते. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे, आधी १२ होता. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात तो. यात हयगय नको, एका रात्रीसाठी आला तरी भरायचा. न्याहारी देणार असाल तर अन्न परवानाही काढा.

इन्कम टॅक्सचं मात्र सीएला विचारूनच करा. नुसती खोली भाड्यानं दिली तर ते घरभाडं, त्यात ३० टक्के वजावट मिळते, पण ते घराच्या मालकाचं उत्पन्न धरतात, म्हणजे घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं. खाणंपिणं, साफसफाई, सगळी सरबराई असेल तर तो धंदा, आणि धंदा चालवणाऱ्याचा. आमच्या सीएनं दुसरं धरलं, त्यामुळे गॅस, धोब्याचं बिल, रंगकाम असे खर्च वजा होतात. तुमचा सीए वेगळं सांगेल, तर त्याचं ऐका.

अजून एक. 'निवास व न्याहारी' योजनेत घरचं माणूस त्या घरात राहायला हवं. काकू राहतात, म्हणून तुमचं जमेल. नुसतं चावी देऊन बंद घर द्यायचं असेल तर संचालनालयात वेगळा प्रकार विचारा. आणि घर गोव्याच्या हद्दीत असेल तर माझं निम्मं उत्तर सोडून द्या, तिथं १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीची आहे.

साइटवर फोटो टाकण्याआधी एवढं करा: काकूंचं पॅनकार्ड आहे का ते विचारा. नसेल तर ते काढा, त्यांच्या एकटीच्या नावानं बँकखातं उघडा, आणि साइटवरचं अकाउंटही त्यांच्याच नावानं उघडून त्याला ते जोडा. मोबाईलवरचं बुकिंग तुम्ही पुण्यातून बघा की, त्याला कोण नाही म्हणतंय.