‘मी माझ्या पैशाने कधीतरी कोकेन घेतलं, तर त्यात हिंसा कुठे आली?’ असं तुम्ही विचारता.

मी 2009 ते 2011 टेक्सासमधल्या एल पासोला शिकायला होतो. कॅम्पसवरून समोर मेक्सिकोतलं ह्वारेज शहर दिसायचं, टेकडीवरची घरं मोजता येतील इतकं जवळ. 2010 मध्ये एल पासोत वर्षभरात 5 खून झाले. ह्वारेजमध्ये 3,000च्या आसपास. मध्ये फक्त रिओ ग्रांदे नदी, तीही तिथे बहुतेक वेळा कोरडीठाक.

विकत घेणारे अलीकडे, मरणारे पलीकडे. कारण मारामारी मालापेक्षा वाटेसाठी जास्त असते. कोलंबियात दोन-तीन हजार डॉलरचं किलोभर कोकेन मेक्सिकोमार्गे अमेरिकेत पोचलं की घाऊक भावच पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. हा मधला पैसा शेवटी तुमच्यासारख्या ‘कधीतरी’वाल्यांच्याच खिशातून निघतो. मग सीमेवरचा पूल ज्याच्या ताब्यात, तो मालक. अशा हद्दीला तिकडे ‘प्लाझा’ म्हणतात आणि तिथून माल न्यायचा तर ‘पिसो’ द्यावा लागतो, आपल्याकडच्या जुन्या जकातीसारखा. तो कोणी बुडवला तर कोर्टात थोडंच जाता येतं? (बंदुका बऱ्याचशा टेक्साससारख्या राज्यांतल्या दुकानांतूनच पलीकडे जातात, ती वेगळीच गंमत.)

2008पासून सिनालोआ आणि ह्वारेज या टोळ्या याच वाटेसाठी भिडल्या होत्या. जानेवारी 2010च्या अखेरीस मारेकरी एका पार्टीत घुसले आणि 15 जणांना मारलं, बहुतेक शाळा-कॉलेजातली पोरं. विरोधी टोळीची समजून! मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष काल्देरोन आधी म्हणाले, टोळ्यांचं आपसातलं असेल. पुढे ते ह्वारेजला आले तेव्हा दोन मुलं गमावलेल्या एका आईने भर सभेत त्यांना सुनावलं.

बंदी उठवा, हिंसा थांबेल, असं कोणी म्हणेल. त्यात बरंच तथ्य आहे. पण कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तुमचे या शनिवारचे पैसे आजच्याच माणसांकडे जाणार.

माझा एक लॅबमित्र रोज पूल ओलांडून ह्वारेजहून यायचा. त्याच्या काकांचं टायरचं दुकान होतं. टोळीवाले दर आठवड्याला हप्ता मागायला लागले, काकांनी दोनदा दिला, तिसऱ्यांदा शटर ओढलं ते कायमचं. एकदा आमच्याच वर्गातल्या एकाच्या घरी पार्टी होती. टेबलावर पांढऱ्या रेघा ओढलेल्या. हा आत आला, टेबलाकडे बघितलं, हातातला बिअरचा सिक्सपॅक तसाच दाराशी ठेवला आणि निघून गेला. सोमवारी लॅबमध्ये आला, त्यावर कोणीच काही बोललं नाही. मीही नाही.