"देवाला आधीच माहीत होतं" हे उत्तर चालणार नाही

प्रिय गोंधळलेली,

पत्र वाचलं गं. नवऱ्याने घरात न सांगता सगळी सेव्हिंग ऑनलाइन बेटिंगमध्ये घालवली, आणि तुला कळल्यावर म्हणतो की देवाला तर आधीपासून माहीत होतं मी हे करणार, मग माझ्या हातात काय होतं? वरून चर्चच्या मंडळीतली एक बाई तुला म्हणाली की आता राग धरणं म्हणजे देवाच्या योजनेवरच राग. तुझे प्रश्न दोन, मी रागावून चुकतेय का, आणि देवाला माहीत होतं तर त्याने थांबवलं का नाही.

चुकत नाहीयेस. नवऱ्याला बायबलमधला मत्तय 26 हा अध्याय वाचायला दे. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो, आज रात्री कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील, आणि तसंच होतं. पण पेत्र काय म्हणाला नाही ते बघ ना, "प्रभू, तुम्हीच सांगितलं होतंत, मी काय करणार" असं एक अक्षर नाही, तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला कारण शब्द त्याच्याच तोंडचे होते. त्याच अध्यायात, येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्याच्याबद्दल येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जाणारच, पण जो त्याला धरून देतो त्याची अवस्था वाईट. लिहिलेलं होतं आणि दोषही त्याचाच, दोन्ही एकाच वाक्यात.

माहीत असणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. जुन्या काळातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांनी हे फार छान मांडलंय, आपल्याला जे आठवतं ते आपल्या आठवणीमुळे घडलेलं नसतं, तसंच देवाच्या आधीच्या ज्ञानाने पुढचं घडत नाही. आता नवरा म्हणेल आठवण नंतरची असते आणि ज्ञान आधीचं, तर त्याचंही उत्तर बोएथियस नावाच्या तत्त्वज्ञाने इ.स. 524 च्या सुमारास दिलंय, तेही जेलमध्ये, मृत्युदंडाची वाट बघत (आणि आपण दोन दिवस नेट गेलं तर विश्वास डळमळला म्हणतो). त्याचं म्हणणं, देव काळात अडकलेला नाही, त्याच्यासमोर सगळं 'आत्ता'च आहे, आणि तू कोणाला चालताना बघितलंस म्हणून तो चालत नसतो.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही हं. 1588 मध्ये मोलिना नावाच्या जेझुइटाने वेगळी थिअरी मांडली, त्यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन कॅथलिक संघांतल्या लोकांचं इतकं वाजलं की 1597 ते 1607 रोममध्ये चौकशी चालली आणि शेवटी पोपने निकालच दिला नाही, फक्त एकमेकांना पाखंडी म्हणू नका एवढं सांगितलं. त्यामुळे तुझं डोकं गरगरतंय ते साहजिक आहे. पण एवढ्या भांडणातही "मग माणसाचा दोष नाही" असं कोणताच पक्ष म्हणत नव्हता. सगळं देवानेच ठरवलंय म्हणणारा प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनसुद्धा माणसाला जबाबदार धरतो.

मला स्वतःला बायबलमधलं 1 शमुवेल 23 सगळ्यात आवडतं. दावीद कईला गावात आहे, शौल राजा त्याच्या जिवावर उठलाय, तेव्हा दावीद देवाला विचारतो शौल येईल का, गावकरी मला त्याच्या हवाली करतील का, देव म्हणतो हो, करतील. आणि दावीद काय करतो, माणसं घेऊन निघून जातो! मग शौल येतच नाही. म्हणजे इथे राहिलास तर काय होईल ते देवाला पक्कं ठाऊक होतं आणि तरी पाय दावीदाचेच होते. तुझ्या नवऱ्यालाही पाय आहेत, अ‍ॅप डिलीट करता येतं.

देवाने थांबवलं का नाही, याचं तुझं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जो पटकन देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. एवढंच दिसतं की येशूने पेत्राला कोंडून ठेवलं नाही. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, असं आधी सांगितलं, आणि नंतर समोर बसवून तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का. माहीत होतं म्हणून विषय सोडून नाही दिला.

तूही सोडू नकोस. बँकेचे पासवर्ड बदल, कर्ज किती आहे ते त्याच्याकडून कागदावर लिहून घे, पाळकांना दोघं मिळून भेटा आणि त्याचबरोबर व्यसनावर काम करणाऱ्या काउन्सेलरकडेही जा, कारण हे नुसत्या प्रार्थनेवर सोपवायचं प्रकरण नाही. क्षमा कधी करायची ते तुझं तू ठरव, त्या बाईला विचारून नको.

तुझी,
मावशी